चार प्रतिमा, तीन विलंब: गुरुत्वीय भिंगामागच्या रेडिओ उगमांचा कालविलंब कसा मोजायचा

दूरच्या क्वेसारपासून (अतितेजस्वी दीर्घिका-गाभ्यापासून) निघालेले रेडिओ किरण वाटेतल्या एखाद्या जड दीर्घिकेजवळून वळतात आणि एकाच उगमाच्या दोन किंवा चार प्रतिमा आपल्याला दिसतात. प्रत्येक प्रतिमेची वाट वेगळ्या लांबीची असते, शिवाय दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणात प्रत्येक वाटेवर वेळही कमीजास्त मोडतो. म्हणून उगमाची तेजस्विता बदलली की तो बदल सगळ्या प्रतिमांत दिसतो, पण एकाच दिवशी नाही. या दिवसांच्या फरकाला कालविलंब म्हणायचे. त्यावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग, म्हणजे हबल स्थिरांक काढता येईल, ही कल्पना नॉर्वेच्या स्युर रेफ्सडाल यांनी १९६४ मध्येच मांडली होती. असे पहिले भिंग, म्हणजे किरण वळवणारी दीर्घिका, मात्र १९७९ मध्ये सापडले.

हा लेख मोजणीचा आहे, सिद्धांताचा नाही. उदाहरणासाठी बी १६०८+६५६ हे भिंग घेतले आहे. त्याच्या चार प्रतिमांना ए, बी, सी आणि डी म्हणतात. बदल आधी बी मध्ये दिसतो, ३१.५ दिवसांनी ए मध्ये, ३६ दिवसांनी सी मध्ये आणि ७७ दिवसांनी डी मध्ये. हे आकडे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या व्हीएलए या दुर्बिणीवर १९९६ पासून तीन हंगाम केलेल्या निरीक्षणांतून आले आणि त्यांतली अनिश्चितता एक ते दोन दिवसांची आहे. काम कसे करायचे हे शिकायला याच्याइतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

एक सूत्र सुरुवातीलाच डोक्यात बसवून घ्या, पुढे ते पदोपदी लागेल. या कामात स्थिर चूक चालते, बदलती चूक चालत नाही. तुमचे सगळे फ्लक्स (मोजलेली तेजस्विता) रोज नेमके ५ टक्क्यांनी जास्त येत असतील तर विलंबावर काहीही परिणाम होत नाही. आज अर्धा टक्का जास्त आणि परवा एक टक्का कमी आले, तर मात्र त्रास आहे.

आधी गणित: किती अचूकता लागेल?

समजा उगमाचा फ्लक्स ६० दिवसांत १० टक्क्यांनी उतरला, म्हणजे दिवसाला सुमारे ०.१७ टक्के. प्रत्येक मोजणीत १ टक्का चूक असेल, तर दोन प्रतिमांच्या एकेका बिंदूची तुलना १.४ टक्क्यांपर्यंत डळमळीत. ०.१७ ने भागले की एका जोडीतून विलंब साडेआठ दिवसांपर्यंतच कळतो. दर तीन दिवसांनी एक निरीक्षण धरले तर त्या उतारावर २० जोड्या मिळतात आणि अनिश्चितता दोन दिवसांच्या आत येते. तोच उतार ५ टक्क्यांचा असता तर चार दिवस. उगम किती बदलतो हे आपल्या हातात नाही. मोजणी किती नेमकी आणि किती वेळा करायची, हे मात्र आहे.

या हिशेबात एक छुपी अट आहे आणि नवखे लोक हमखास तिथेच फसतात. उतार अगदी सरळ असेल तर विलंब निघतच नाही. का ते पाहा: प्रतिमा ए ही बी पेक्षा किती पट तेजस्वी आहे हे आपल्याला आधी माहीत नसते, तेही याच आकडेवारीतून काढायचे असते. सरळ उतरणारी रेषा १० दिवस सरकवली काय किंवा १.७ टक्क्यांनी वर उचलली काय, चित्र तेच दिसते. रेषेला वाकण लागते, म्हणजे चढून उतरणे, एखादे शिखर, नाहीतर एकदम कोसळणे. वाकण नसलेल्या हंगामातून कोणी अर्ध्या दिवसाचा विलंब सांगितला तर शंका घ्या.

पायरी १: उगम निवडा

सपाट वर्णपटाचे उगम घ्या, म्हणजे ज्यांचा फ्लक्स वारंवारतेनुसार फारसा घटत नाही असे. त्यांचा बहुतेक प्रकाश आटोपशीर गाभ्यातून येतो आणि गाभाच आठवड्यांच्या पट्टीवर बदलतो. मोठमोठे रेडिओ लोब (गाभ्याच्या दोन बाजूंना पसरलेले ढग) आयुष्यभर पाहत बसलात तरी हलणार नाहीत. सपाट वर्णपट म्हणजे बदलाची हमी मात्र नव्हे. कित्येक भिंगांवर महिनोन्‌महिने दुर्बीण लावूनही विलंब हाती लागलेला नाही, कारण उगम ढिम्म राहिला. एकाच भिंगावर सगळा वेळ लावू नका, शक्य असेल तर तीन-चार एकदम घ्या.

विलंब किती अपेक्षित आहे याचा अंदाज आधी काढा. एका साध्या गोलाकार भिंगासाठी, कालविलंब-अंतर (भिंग आणि उगम यांच्या अंतरांचे एक एकत्र माप) ५,००० मेगापार्सेक धरले तर (बी १६०८+६५६ चे साधारण तेवढेच आहे), ढोबळ नियम असा: भिंग-दीर्घिकेच्या मध्यापासून दोन्ही प्रतिमांची अंतरे आर्कसेकंदांत (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) घ्या, त्यांचे वर्ग करा, मोठ्यातून लहान वजा करा आणि ७० ने गुणा. उत्तर दिवसांत येते. एक प्रतिमा १.० आर्कसेकंदावर आणि दुसरी ०.४ वर असेल, तर १ वजा ०.१६ म्हणजे ०.८४, गुणिले ७०, सुमारे ५९ दिवस.

उगम भिंगाच्या लगेच मागे असेल तर हा गुणक वाढतो. बी ०२१८+३५७ मध्ये भिंगाची ताम्रसृती (जितकी जास्त तितकी वस्तू दूर) ०.६८ आणि उगमाची ०.९४ आहे. तिथे गुणक ७० च्या दुपटीपेक्षा जास्त होतो. म्हणूनच प्रतिमांमधले अंतर अवघे ०.३३ आर्कसेकंद असूनही विलंब दहा-अकरा दिवसांचा येतो.

हा अंदाज दोन गोष्टींसाठी लागतो: मोहीम किती लांब हवी आणि निरीक्षणे किती दाट हवीत. मोहीम अपेक्षित विलंबाच्या किमान तिप्पट लांब ठेवा, कारण तेजस्वितेचे वक्र (दिवसागणिक फ्लक्सचे आलेख) सरकवल्यावर दोन्ही टोके फुकट जातात. दोन निरीक्षणांमधले अंतर विलंबाच्या दहाव्या भागापेक्षा कमी असावे. बी १६०८+६५६ च्या पहिल्या हंगामात सरासरी साडेतीन दिवसांच्या आसपास एक निरीक्षण होते. बी ०२१८+३५७ साठी एवढे पातळ काम पुरणार नाही, तिथे जवळजवळ रोज पाहावे लागते.

पायरी २: दुर्बीण, मांडणी, वारंवारता

व्हीएलए मध्ये २५ मीटर व्यासाच्या २७ अँटेना आहेत. त्या रुळांवरून हलवून ए, बी, सी, डी अशा चार मांडण्या करतात आणि १६ महिन्यांत हे चक्र पूर्ण होते. (प्रतिमांची नावेही ए, बी, सी, डी आणि मांडण्यांचीही. गल्लत सगळ्यांचीच होते, म्हणून वहीत ‘प्रतिमा बी’ आणि ‘मांडणी बी’ असे पूर्ण लिहा.) ८.४ गिगाहर्ट्झला मांडणी ए ०.२४ आर्कसेकंदांपर्यंत बारीक पाहते, मांडणी बी ०.७ पर्यंत. मांडणी सी ला दोन-अडीच आर्कसेकंदांखालचे काही वेगळे करता येत नाही.

आता बी १६०८+६५६ कडे पाहा. सर्वांत दूरच्या प्रतिमा ए आणि बी, त्यांच्यात २.१ आर्कसेकंद. पण ए आणि सी यांच्यात जेमतेम ०.९. मांडणी ए मध्ये सगळ्या सुट्या दिसतात, मांडणी बी मध्ये ए आणि सी खांद्याला खांदा लावून उभ्या असतात, आणि मांडणी सी मध्ये सगळा एकच ठिपका. म्हणजे सलग हंगाम मिळतो तो ए आणि बी या दोन मांडण्यांचा, सुमारे आठ महिन्यांचा. त्यानंतर खंड. मोहिमेचे वेळापत्रक या चक्रावर बेतावे लागते, उगमाच्या मर्जीवर नाही.

वारंवारता ८ ते १५ गिगाहर्ट्झ ठेवा. त्याहून खाली गेलात तर चित्र धूसर होते, उगम कमी आणि सावकाश बदलतो, आणि आपल्याच आकाशगंगेतल्या वायूमुळे होणारी लुकलुक त्रास देते. वर गेलात तर हवेतली वाफ आणि अँटेनाचा नेम या दोन्ही गोष्टी फ्लक्स हलवतात. १५ गिगाहर्ट्झ आणि त्यापुढे प्रत्येक बैठकीत नेम तपासण्याची वेगळी निरीक्षणे घालावीच लागतात.

खोडदचे जीएमआरटी यासाठी चालेल का, हा प्रश्न पुण्या-मुंबईकडचे विद्यार्थी विचारणारच. चालणार नाही. त्याच्या सर्वांत लांब बेसलाइन (दोन अँटेनांमधली अंतरे) २५ किलोमीटरच्या आहेत आणि वारंवारता साधारण १.४ गिगाहर्ट्झपर्यंत, त्यामुळे दोन आर्कसेकंदांच्या आसपास त्याची नजर थांबते. ६ आर्कसेकंदांवर दोन प्रतिमा असलेले क्यू ०९५७+५६१ त्याला सुटे दिसेल, पण त्या वारंवारतेला बदल टिपायला कठीण. भारतीय हात या विषयात दुसरीकडून लागलेला आहे. दक्षिण आकाशातल्या पीकेएस १८३०-२११ या उगमाची दुहेरी रचना प्रमेश राव आणि रवी सुब्रह्मण्यन यांनी १९८८ मध्ये मांडली. पुढे ऑस्ट्रेलियातल्या एटीसीए दुर्बिणीवर त्याचा विलंब २६ दिवसांच्या आसपास निघाला.

प्रकाशीय दुर्बिणींच्या तुलनेत रेडिओची मोठी सोय म्हणजे दिवसाही काम चालते, आणि ८ गिगाहर्ट्झला ढगांचे फारसे काही वाटत नाही. ऑप्टिकलवाल्यांना सूर्य जवळ आला की काही महिने दुकान बंद ठेवावे लागते, आपल्याकडे तर वर पावसाळा.

पायरी ३: एका बैठकीचा आराखडा

प्रत्येक बैठक तासाभराची पुरते. २ गिगाहर्ट्झ बँडविड्थ आणि २७ अँटेना असतील तर एका मिनिटात नॉइज साधारण २५-३० मायक्रोजान्स्कीवर (जान्स्की हे रेडिओ फ्लक्सचे एकक) येतो. बी १६०८+६५६ ची सर्वांत फिकी प्रतिमा डी सुमारे ६ मिलिजान्स्कीची आहे, ए सुमारे ३४ ची. पाच मिनिटांत डी चा नॉइज ०.२ टक्क्यांवर उतरतो. म्हणजे दुर्बिणीची संवेदनशीलता हा प्रश्नच नाही. उरलेला वेळ कॅलिब्रेटरवर (मोजणी जुळवून घ्यायला पाहायच्या ओळखीच्या उगमांवर) घालवा, तो वाया जात नाही, उलट खरे काम तिथेच होते.

बैठकीत हे असावे:

- फ्लक्सच्या मूळ मोजपट्टीसाठी ३सी २८६ हा उगम, एकदा, ३-४ मिनिटे. ३सी ४८ आणि ३सी १३८ टाळा, हे दोन्ही अलीकडे स्वतःच बदलू लागले आहेत.
- भिंगाच्या जवळचा एक तेजस्वी, ठिपक्यासारखा फेज कॅलिब्रेटर, दर ८-१० मिनिटांनी मिनिटभर. हा स्वतः बदलणारा असला तरी चालतो, त्याच्याकडून फक्त फेज (लहरींचा टप्पा) घ्यायची आहे.
- भिंग, दोन-तीन तुकड्यांत मिळून १५-२० मिनिटे.
- चार-पाच स्थिर उगम, प्रत्येकी दोन मिनिटे.

शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त गाळली जाणारी. दोन्ही बाजूंना छोटे लोब असलेले, आपल्याकडे रोखलेली जेट (गाभ्यातून सुटणारा झोत) नसलेले आटोपशीर रेडिओ उगम असतात. त्यांचा प्रकाश लोबांतून येतो, गाभ्यातून नाही, म्हणून ते हलत नाहीत. बी १६०८+६५६ च्या मोहिमेबरोबर असे उगम आठ महिने पाहिले तेव्हा त्यांच्या वक्रांतला चढउतार सरासरी ०.७ टक्के निघाला, आणि त्यातही मोठा वाटा मोजणीचाच. एकट्या ३सी २८६ वर विसंबलात तर त्या दिवशीच्या त्याच्या तीन मिनिटांत जे काही बिघडले (वारा, एखादी अँटेना, कमी उंची) ते सगळ्या आकड्यांत उतरते.

शक्य असेल तर बैठक रोज त्याच नाक्षत्र वेळेला ठेवा. म्हणजे घड्याळाप्रमाणे रोज चार मिनिटे लवकर. त्यामुळे उगम आकाशात त्याच उंचीवर असतो, बेसलाइनचा नमुनाही तोच राहतो आणि चित्रातल्या चुका रोज सारख्याच होतात. स्थिर चूक चालते, आठवते ना?

पायरी ४: कॅलिब्रेशन

कासा हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि व्हीएलए ची नेहमीची पाइपलाइन त्यातच आहे. ती चालवा, पण डोळे मिटून नको.

३सी २८६ ला ठिपका समजू नका. मांडणी ए मध्ये तो किंचित पसरलेला दिसतो, म्हणून ‘सेटजाय’ या कासाच्या आदेशात त्याचे चित्र-मॉडेल द्या आणि पर्ली–बटलर २०१७ ही पट्टी निवडा. मॉडेल न देता ठिपका धरलात तर लांब बेसलाइनचे गेन (अँटेनांच्या संवेदनशीलतेचे गुणक) चुकतात. त्यातून मांडणी ए ते मांडणी बी बदलाच्या दिवशी वक्रात पायरी पडते. अशी पायरी चारही प्रतिमांत एकाच दिवशी दिसते, हीच तिची ओळख.

अँटेनाच्या उंचीनुसार बदलणाऱ्या गेनचा आणि हवेच्या शोषणाचा सुधार चालू ठेवा. बी १६०८+६५६ व्हीएलए वरून कधी मावळत नाही, पण खाली आल्यावर जेमतेम १० अंशांवर असतो. त्या वेळची बैठक घेऊ नका. ४० अंशांवरचीच वेळ मागा.

सेल्फ-कॅलिब्रेशन (भिंगाच्याच आकड्यांवरून केलेली दुरुस्ती) फक्त फेजचे करा. अँप्लिट्यूडचे सेल्फ-कॅलिब्रेशन मोकळे सोडले तर सॉफ्टवेअर तुमच्या मॉडेलच्या फ्लक्सकडे आकडे ओढून नेते. तुम्ही गेल्या आठवड्याचे मॉडेल दिले असेल तर आजचा फ्लक्सही गेल्या आठवड्याचाच येणार. वक्र छान गुळगुळीत दिसतो आणि त्यात काही अर्थ उरलेला नसतो.

पायरी ५: प्रत्येक प्रतिमेचा फ्लक्स

चित्र काढून ठिपक्याची उंची मोजू नका. बेसलाइनच्या मूळ आकड्यांवरच मॉडेल बसवा: चार ठिपके, चार जागा, चार फ्लक्स. सगळ्यांत चांगल्या बैठका एकत्र करून जागा एकदाच ठरवा आणि मग गोठवा. पुढे प्रत्येक बैठकीत फक्त चार फ्लक्स मोकळे. जागाही मोकळ्या सोडल्या तर ए आणि सी एकमेकींकडे सरकतात आणि एकीचा फ्लक्स दुसरीत जातो.

कासामधले ‘यूव्हीमॉडेलफिट’ एका वेळी एकच घटक बसवते, त्यामुळे इथे निरुपयोगी. डिफमॅप हे सॉफ्टवेअर जुने असले तरी अनेक घटक एकदम बसवते आणि या कामाला आजही हात तेच देते.

गळतीचे गांभीर्य एका आकड्यावरून कळेल. ए ही सी च्या जवळजवळ दुप्पट तेजस्वी आहे. ए चा फक्त ३ टक्के फ्लक्स सी मध्ये झिरपला तर सी च्या वक्रात सहा टक्के भाग ए चा झाला. तो ए च्या वेळेवर चालतो, सी च्या नाही, आणि सी चा विलंब हळूच ए कडे ओढतो. ए आणि सी यांच्यात खरा फरक अवघ्या साडेचार दिवसांचा असल्यामुळे इथे फटका कमी बसतो, पण तो दिसतही नाही.

गाभ्याभोवती पसरलेला प्रकाश असेल तर आणखी एक घटक मॉडेलमध्ये घाला आणि तो सगळ्या बैठकांत स्थिर ठेवा. बी ०२१८+३५७ मध्ये दोन प्रतिमांभोवती आईन्स्टाईन कडे आहे, प्रतिमांमधल्या अंतराएवढ्याच व्यासाचे. कडे बदलत नाही, प्रतिमा बदलतात, आणि कड्याचा किती भाग प्रतिमेत मोजला जातो ते मांडणीवर ठरते. याच भिंगाचा विलंब १९९९ मध्ये १०.५ दिवस प्रसिद्ध झाला, अनिश्चितता ०.४. नंतर फर्मी उपग्रहाने गॅमा किरणांत ११.४६ दिवस मोजला. त्यानंतर जुन्याच व्हीएलए निरीक्षणांवर २०१८ मध्ये पुन्हा नीट काम झाले तेव्हा उत्तर ११.३ आले. आकाश तेच, टेपही त्याच, फरक फक्त हाताळणीचा.

ध्रुवीकरण मोजता आले तर सोडू नका. ध्रुवीकरणाचे प्रमाण आणि कोन या दोन्ही गोष्टींवर भिंगाच्या विवर्धनाचा परिणाम होत नाही, म्हणून ते स्वतंत्र वक्र म्हणून वापरता येतात. वाटेतल्या वायूमुळे कोन फिरतो खरा, पण तो फेर स्थिर असतो. स्थिर चुकीचे काय करायचे ते आता माहीत आहे.

पायरी ६: वक्र धुणे

आता प्रत्येक स्थिर उगमाचा वक्र त्याच्या स्वतःच्या सरासरीने भागा. एखाद्या दिवशी चारपैकी तीन उगम १.०१२ च्या आसपास आले, तर त्या दिवशी दुर्बिणीने १.२ टक्के जास्त दाखवले. त्या दिवशीच्या सगळ्या उगमांचा मध्यक घ्या आणि भिंगाचे चारही फ्लक्स त्याने भागा. मध्यकच घ्या, सरासरी नको, कारण एखादा उगम एकटाच भरकटला तर त्याने बाकीच्यांना ओढू नये. एखादा उगम बाकीच्यांपासून दोन टक्क्यांहून जास्त लांब गेला तर त्या बैठकीच्या नोंदी उघडून पाहा.

हे का करायचे, ते या कामातल्या सर्वांत कपटी चुकीवरून कळते. एका दिवसाची कॅलिब्रेशनची चूक चारही प्रतिमांना एकाच दिवशी, एकाच दिशेने लागते. दोन वक्रांची तुलना करणाऱ्या कुठल्याही पद्धतीला ते दोन वक्रांमधले साम्यच वाटते, शून्य विलंबाचे. त्यामुळे तुलनेच्या आलेखात शून्यावर एक टोकदार शिखर उगवते आणि लहान विलंब असेल तर खऱ्या शिखराला आपल्याकडे ओढते. ७७ दिवसांवर त्याचा उपद्रव नाही. आठ दिवसांच्या विलंबाला मात्र हे शिखर गिळू शकते.

भिंगाचाच एकूण फ्लक्स घेऊन त्याने वक्र भागू नका. त्यात सिग्नलच पुसला जातो.

पायरी ७: विलंब काढणे

फ्लक्सचा लॉग घ्या, म्हणजे तेजस्वितेचे गुणोत्तर साधी बेरीज-वजाबाकी होते. मग विलंबाची जाळी घ्या, उदाहरणार्थ उणे २० ते अधिक १२० दिवस, अर्ध्या दिवसाच्या टप्प्यांनी. उणे बाजूही घ्यायचीच. मॉडेल सांगते की बी आधी येते, पण आकडे काय म्हणतात ते त्यांनाच सांगू द्या. प्रत्येक विलंबाला एक वक्र सरकवा, दुसऱ्याच्या वेळांवर तो रेषेने जोडून वाचा, सर्वांत चांगले गुणोत्तर काढा आणि उरलेला फरक काय-वर्गात (χ², म्हणजे मोजणीच्या चुकीच्या मानाने घेतलेल्या फरकांच्या वर्गांची बेरीज) मोजा. मग भूमिका बदला, दुसरा वक्र सरकवा, आणि दोन्हींची सरासरी घ्या.

तीन ठिकाणी हात सांभाळा. पहिले, १०-१२ दिवसांपेक्षा मोठ्या खंडावरून रेषा ओढून मधले बिंदू वाचू नका, ते बिंदू वगळा. दुसरे, विलंब वाढेल तसे एकमेकांवर येणारे बिंदू कमी होतात, म्हणून काय-वर्ग बिंदूंच्या संख्येने भागलाच पाहिजे, नाहीतर मोठे विलंब उगीच चांगले दिसतात. तिसरे, सर्वांत मोठ्या विलंबालाही निम्मे बिंदू तरी उरले पाहिजेत.

दुसरी एखादी पद्धत समांतर चालवा. पेल्ट यांची डिस्पर्शन पद्धत मधले बिंदू न वाचता शेजारच्या बिंदूंची थेट तुलना करते. स्प्लाइनवर आधारलेले पायसीएस हे पायथनमधले पॅकेज चारही प्रतिमांना एकाच मूळ वक्रातून एकदम बसवते. चार प्रतिमा असताना शेवटी हेच करा: एक मूळ वक्र, तीन विलंब, तीन गुणोत्तरे. बी १६०८+६५६ मध्ये गुणोत्तरे बी च्या तुलनेत ए साठी सुमारे २.०४, सी साठी १.०४ आणि डी साठी ०.३५ येतात. तुमची यापासून फार लांब गेली तर विलंब पाहण्याआधी तिकडे बघा. जोड्या सुट्या सुट्या काढल्या असतील तर बेरीज जुळवून पाहा: बी ते ए आणि ए ते डी मिळून बी ते डी व्हायला हवे.

अनिश्चितता आलेखाच्या रुंदीवरून वाचू नका. मिळालेल्या मूळ वक्रातून खोटे वक्र बनवा, तुमच्याच खऱ्या तारखांवर, आणि त्यांत दोन प्रकारची चूक घाला: प्रत्येक प्रतिमेची स्वतंत्र आणि सगळ्यांची मिळून त्या दिवशीची. हजार वेळा बनवा, हजार वेळा विलंब काढा. आकड्यांचा पसारा ही तुमची अनिश्चितता. त्यांची सरासरी तुम्ही घातलेल्या विलंबापासून सरकलेली असेल तर ती तुमच्या पद्धतीची ओढ. सामाईक चूक घालायला विसरलात तर पसारा खोटाच लहान येतो.

कुठे फसगत होते

क्यू ०९५७+५६१ चा इतिहास प्रत्येकाने पाहावा. वर्षानुवर्षे दोन उत्तरे भांडत होती, ४१५ दिवस आणि ५३६ दिवस. १९९२ मध्ये अतिशय काटेकोर सांख्यिकीने केलेल्या एका विश्लेषणात मोठ्या आकड्याच्या बाजूने कौल निघाला. वाद मिटवला तो आकाशाने. डिसेंबर १९९४ मध्ये प्रतिमा ए प्रकाशीय तरंगांत एकदम फिकी पडली, आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये बी ने तोच जिना उतरून दाखवला. ४१७ दिवस, अनिश्चितता ३. व्हीएलए च्या १९७९ पासूनच्या निरीक्षणांवरून रेडिओतही पुढे ४०९ दिवस आले, पण अनिश्चितता ३० ची, कारण रेडिओचा वक्र सावकाश वळणारा. तीव्र वाकण असलेला एक प्रसंग दहा वर्षांच्या गुळगुळीत वक्राला भारी पडतो.

बी १६००+४३४ मध्ये दुसराच घोळ आहे. तिथे प्रतिमा ए मध्ये जलद चढउतार दिसतात, जे बी मध्ये कधीच येत नाहीत. ते उगमाचे नाहीतच. भिंग-दीर्घिकेतल्या सुट्या ताऱ्यांसारख्या वस्तूंनी जेटच्या गाठींवर केलेले सूक्ष्म भिंगन हे त्याचे एक स्पष्टीकरण, आपल्या आकाशगंगेतली लुकलुक हे दुसरे. असा संशय आला तर दोन वारंवारतांना पाहा. लुकलुक वारंवारतेनुसार एका रीतीने बदलते, सूक्ष्म भिंगन दुसऱ्या, आणि उगमाचा स्वतःचा बदल सगळ्या प्रतिमांत पुन्हा उमटतो. तरीही या भिंगाचा विलंब मिळाला, रेडिओत ४७ दिवस आणि प्रकाशात ५१, दोन्ही आपापल्या अनिश्चिततेत जुळणारे.

आणि उगम बदललाच नाही तर? थांबा. बी १६०८+६५६ च्या पहिल्या हंगामात बदल पाचेक टक्क्यांचाच होता आणि विलंबांची अनिश्चितता ९५ टक्के खात्रीने सात ते दहा दिवस राहिली. पुढे उगम २५-३० टक्क्यांनी हलला, आणि तेव्हाच आकडे आवळले गेले. दुर्बीण तीच होती.

सराव आणि नोंद

सरावासाठी दुर्बिणीचा वेळ लागत नाही. व्हीएलए ची जुनी निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुली होतात. बी १६०८+६५६ च्या पाच-सहा बैठका उतरवून घ्या, पायरी ५ पर्यंत जा आणि स्थिर उगमांचा चढउतार एक टक्क्याच्या आत आणता येतो का ते पाहा. येत नसेल तर पायरी ७ कडे जाऊ नका. ती तुम्हाला काहीतरी उत्तर देईलच, आणि ते खरे नसेल.

निकाल लिहिताना तक्त्यात प्रत्येक बैठकीची ज्युलियन तारीख, म्हणजे खगोलातली दिवसांची सलग मोजणी (बैठकीचा मध्य, सुरुवात नव्हे), चार फ्लक्स, चार स्वतंत्र चुका आणि त्या दिवशीचा सामाईक सुधार वेगळ्या रकान्यात द्या. दुरुस्त केलेले आकडेच दिले तर पुढच्या माणसाला ते उलगडता येत नाहीत. विलंबाला चिन्ह लावताना नुसते ‘बीडी’ असे लिहू नका. कुणी बी वजा डी वाचतो, कुणी डी वजा बी. ‘बदल आधी बी मध्ये, ७७ दिवसांनी डी मध्ये’ असे एक वाक्य तक्त्याखाली घाला.